थंडीत माशांवर जखमा दिसल्यास प्रतिजैविके घाईने वापरू नयेत : कोल्हापूर जिल्ह्यातील मत्स्यशेतकऱ्यांसाठी सल्ला

पाऊस संपून पाणी गार होऊ लागले की करवीरपासून शिरोळपर्यंतच्या शेततळ्यांत आणि गावतळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांच्या अंगावर लाल ठिपके व जखमा दिसू लागतात, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची भुकटी आणून थेट पाण्यात टाकली जाते. थंडीतील अशा जखमांमागे पुष्कळदा ॲफॅनोमायसिस हा बुरशीसारखा जीव किंवा माशांच्या अंगावरील उवा असतात; एरोमोनास जिवाणू त्या जखमांत मागाहून शिरतात. मूळ कारणावर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही.

शिरोळच्या क्षारपड पट्ट्यात तर हा खर्च आणखी व्यर्थ ठरतो, कारण जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ऑक्सिटेट्रासायक्लिनला बांधून ठेवतात. माशाला त्याचा उपयोग होत नाही, मात्र औषधाचा अंश तळाच्या गाळात राहतो आणि त्याला तोंड देऊ शकणारे जिवाणूच तेथे टिकून वाढतात. ही प्रतिरोधशक्ती देणारी जनुके एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जाऊ शकत असल्याने प्रश्न केवळ माशांपुरता राहत नाही.

त्यामुळे प्रथम पाण्याचा सामू तपासावा. तो ८.५ पेक्षा कमी असेल तर हेक्टरी सुमारे २०० किलो, म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्याला साधारण २० किलो चुना पाण्यात कालवून, थंड करून सकाळी पसरावा. गारठ्यात मासे कमी खातात, म्हणून खाद्य घटवावे. एका तळ्यातील जाळे कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्यात उतरवू नये. पोल्ट्रीचे ताजे खत तळ्यात टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण कोंबड्यांना दिलेल्या औषधांचे अंश आणि प्रतिरोधक जिवाणू त्याच वाटेने पाण्यात येतात; खत पूर्ण कुजवूनच वापरावे.

तरीही मरतूक थांबत नसेल, तर नुकताच आजारी पडलेला जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीतून प्रयोगशाळेत पाठवावा. मेलेल्या, फुगलेल्या माशाची तपासणी बहुधा दिशाभूल करते. कोणते औषध लागू पडते हे संवेदनशीलता चाचणीतून कळल्यावर, तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याने, ते खाद्यातून आणि पूर्ण मुदत द्यावे. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांना मत्स्यपालनात बंदी आहे, आणि कोलिस्टिन २०१९ पासून मत्स्यपालनासह सर्व खाद्यप्राण्यांसाठी बंद आहे. दुकानदाराने काहीही सांगितले तरी ती घेऊ नयेत.

औषधानंतर विक्री किती दिवस थांबवावी, हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. युरोपात यासाठी अंश-दिवसांचा (पाण्याचे तापमान गुणिले दिवस) हिशेब धरतात : ५०० अंश-दिवस म्हणजे पाणी २५ अंश सेल्सियस असेल तर २० दिवस, २० अंश असेल तर २५ दिवस. लेबलवर याहून अधिक मुदत असल्यास तीच पाळावी.

मुलांसाठी घरी कासव पाळणाऱ्यांनीही सावध राहावे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू बाहेर पडतो. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी आली. तेथील पैदासकारांनी अंडी जेंटामायसिनमध्ये बुडवण्याचा उपाय केला, तेव्हा त्या औषधाला दाद न देणारा साल्मोनेला निपजला. कासवाच्या टाकीचे पाणी स्वयंपाकघरात किंवा मत्स्यतळ्यात ओतू नये, टाकी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना कासवाला हात लावू देऊ नये. कंटाळा आला म्हणून ते रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडणेही टाळावे.