परदेशातली वापरलेली प्लग-इन हायब्रिड गाडी खानदेशात आणायची असेल तर

नोकरीसाठी परदेशात गेलेली मुले सुटीत घरी आली की तिकडच्या गाड्यांचा विषय निघतोच, आणि ‘तिथे ही गाडी निम्म्या किमतीत मिळते, इकडे आणून टाकू’ हे वाक्य मी जळगावात अनेक घरांत ऐकले आहे. वापरलेली गाडी रीतसर आणता येते, मग ती पेट्रोलवर आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या बॅटरीवर अशी दोन्हींवर चालणारी प्लग-इन हायब्रिड का असेना. मात्र ती किती वयाची असावी, तिचे स्टिअरिंग कोणत्या बाजूला असावे आणि ती कोणत्या बंदरात उतरावी हे नियमांनी आधीच ठरवलेले आहे, म्हणून इसार देण्यापूर्वी कागद जुळवावेत आणि मगच गाडीकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा आणि पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. गाडी आयातीनंतर किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असली पाहिजे आणि त्या काळात तिच्या देखभालीची सोय देशात असेल, अशी हमीही आयातदाराला द्यावी लागते. नव्या गाड्यांना अनेक बंदरे खुली असली, तरी वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येते. एवढ्या अटींनीच दुबई, शारजा आणि सौदीचा विषय संपतो, कारण तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते.

वयाच्या अटीवर मात्र जरा थांबले पाहिजे, कारण फसगत होते ती इथेच. नियम उत्पादनाची तारीख धरतो आणि विकणारा सांगतो ती बहुतेक वेळा पहिल्या नोंदणीची तारीख असते. माझ्या एका नातलगाने जपानमधून गाडी ठरवली, तेव्हा त्याने पाठवलेला निर्यात दाखला मी टेबलावर ठेवून भाषांतराशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. त्यावर वर्ष आणि महिना ठळक छापलेला होता, पण तो पहिल्या नोंदणीचा. चासी क्रमांक देऊन कंपनीकडून उत्पादनाचा महिना मागवला, तेव्हा गाडी पाच महिने आधी तयार झालेली निघाली आणि जहाज मुंबईला लागेपर्यंत तीन वर्षांची मुदत उलटून जाणार हे स्पष्ट झाले. तो व्यवहार आम्ही तिथेच सोडला आणि भरलेली अनामत गेली. म्हणून चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना लेखी घ्यावा आणि अडीच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचा विचारच करू नये, म्हणजे जहाजाला उशीर झाला तरी हाताशी थोडे महिने राहतात.

उजव्या स्टिअरिंगचे जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन हे चार देश डोळ्यांसमोर ठेवले, तर माझी पहिली पसंती सिंगापूरला राहील. तिथला वेगमापक किलोमीटरचा असतो आणि साध्या चार्जिंगचे टाइप २ व जलद चार्जिंगचे सीसीएस २ हे सॉकेट आपल्याकडच्यासारखेच असतात. जपानी गाडी निगुतीने वापरलेली मिळते, पण तिला बहुधा साध्या चार्जिंगसाठी टाइप १ आणि जलद चार्जिंगसाठी चाडेमो या निराळ्या घडणीचे सॉकेट असते. शिवाय तिचा एफएम रेडिओ साधारण ७६ ते ९५ मेगाहर्ट्झपर्यंतच पकडतो आणि पडद्यावरची भाषा जपानी असते. ब्रिटनच्या गाडीचा वेगमापक मैलांत असल्याने तो बदलून, त्याचा पुरावा घेऊनच ती जहाजावर चढवावी लागते.

प्लग-इन हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनही असते आणि बाहेरून चार्ज होणारी मोठी बॅटरीही, त्यामुळे तपासणी दुहेरी करावी लागते. बॅटरीची उरलेली क्षमता दोष शोधणाऱ्या (डायग्नोस्टिक) यंत्राने मोजून तिचा लेखी अहवाल मागावा आणि पूर्ण चार्ज करून निव्वळ विजेवर गाडी किती किलोमीटर जाते हे प्रत्यक्ष चालवून पाहायला सांगावे. चार्जिंगची केबल कोऱ्या पिशवीत बंद आढळली, तर गाडी कधी चार्जच केली नसावी आणि सगळा भार इंजिनाने ओढला असावा असे समजून इंजिन अधिक बारकाईने पाहावे. उलट केवळ विजेवर फिरलेल्या गाडीत टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून शिळे झालेले असू शकते. पुरात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. उच्च दाबाच्या नारिंगी केबलींच्या जोडांत शिरलेला ओलावा पुढे कधी दगा देईल हे सांगता येत नाही.

आता पैशांचा हिशेब. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर वापरलेल्या गाडीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, असा १३७.५ टक्के बोजा आहे. त्यावर वस्तू व सेवा कर लागतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिड गाड्यांसाठी तो ४० टक्के आहे. चार्जिंगची वायर लावता येते म्हणून ५ टक्केच कर लागेल, हा समज चुकीचा आहे. तो दर निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आहे. जहाजभाडे आणि विमा धरून गाडी मुंबईत २० लाखांना पडली, तर सीमाशुल्क व उपकर मिळून साडेसत्तावीस लाख होतात, साडेसत्तेचाळीस लाखांवर आणखी १९ लाख कर बसतो आणि एकूण आकडा साडेसहासष्ट लाखांवर जातो. दलालाचे शुल्क, बंदराचे भाडे आणि राज्याचा मोटार वाहन कर याहून निराळे. एवढेच नव्हे, सीमाशुल्क विभाग खरेदीची पावती तशीच मान्य करील असे धरून चालू नये. नव्या गाडीच्या मूळ किमतीतून ठरावीक घसारा वजा करून मूल्य काढण्याची पद्धत आहे. बचतीसाठी ही वाट धरणाऱ्याला मी स्पष्ट नको म्हणेन. इथे न मिळणारी एखादी विशिष्ट गाडीच हवी असेल, तरच एवढा खर्च आणि खटाटोप करावा.

गाडी जहाजावर चढण्याच्या लगेच आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तिची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुंबईत उतरल्यावर परवानाधारक सीमाशुल्क दलालामार्फत बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, दाखल होते. तो दलाल गाडी निघण्यापूर्वीच नेमावा, कारण एका कागदासाठी गाडी अडली तरी बंदराचे भाडे दिवसागणिक चढत जाते. त्यानंतर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहन तपासणीसाठी नेमलेल्या संस्थेत तपासणी होते. आपल्या भागाला अहिल्यानगर सोयीचे पडते. नोंदणी होईपर्यंत गाडी चालवत आणू नये, ट्रकवर चढवूनच आणावी. पुढे जळगावची एमएच १९, धुळ्याची एमएच १८ किंवा नंदुरबारची एमएच ३९ मालिका, जिथला पत्ता असेल तिथल्या परिवहन कार्यालयात बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याची पावती, तपासणीचा दाखला आणि विमा यांच्या मूळ प्रती घेऊन जावे. विमा कंपनीशी बोलणे मात्र गाडी ठरवण्याआधीच करावे.

घरच्या चार्जिंगसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढून १६ अँपिअरचा सॉकेट बसवावा आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. अशा सॉकेटवरून १० अँपिअरने २० युनिटांची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात, म्हणजे रात्र पुरते. भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात पूर्ण चार्ज केलेली गाडी उघड्यावर उभी ठेवू नये, कारण उष्णता आणि भरलेली बॅटरी यांच्या मेळाने तिचे आयुष्य भराभर घटते. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे पुरे होईल अशी वेळ लावावी आणि गाडी पत्र्याऐवजी स्लॅबच्या किंवा झाडाच्या सावलीत ठेवावी.