मोबाइल एज कॉम्प्युटिंग: ॲप्लिकेशनचा कोणता भाग एजवर न्यावा, हे कसे ठरवावे

फोनने पाठवलेली माहिती दूरच्या डेटा सेंटरपर्यंत न नेता मोबाइल नेटवर्कच्या कडेलाच, म्हणजे बेस स्टेशनजवळ किंवा अनेक बेस स्टेशने जिथे एकत्र जोडली जातात तिथे ठेवलेल्या सर्व्हरवर हाताळणे, याला मोबाइल एज कॉम्प्युटिंग म्हणतात. एट्सी या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २०१४ मध्ये या नावाचा कार्यगट स्थापन केला. पुढे वाय-फाय आणि तारेच्या जोडण्याही कक्षेत याव्यात म्हणून नावातील 'मोबाइल'च्या जागी 'मल्टी-ॲक्सेस' आले, तरी 'एमईसी' ही आद्याक्षरे तीच राहिली. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहलेखकांनी २००९ मध्येच वापरकर्त्याच्या निकट असणाऱ्या अशा छोट्या सर्व्हरांची मांडणी 'क्लाउडलेट' या नावाने केली होती.

एज सर्व्हरवर खर्च करण्यापूर्वी ॲप्लिकेशनचा वेळ नेमका कुठे जातो ते मोजावे. समजा, यंत्रावर कॅमेरा रोखला की त्याच्या भागांची नावे पडद्यावर दाखवणारे ॲप आहे. चित्र तयार करण्यास २० मिलिसेकंद, फोन आणि टॉवर यांच्यातील जाण्यायेण्यास २०, टॉवरपासून डेटा सेंटरपर्यंतच्या जाण्यायेण्यास ३०, भाग ओळखण्यास ४० आणि उत्तर दाखवण्यास १०, असा एकूण १२० मिलिसेकंदांचा हिशेब आहे. सर्व्हर एजवर नेल्यास यातील केवळ ३० चा आकडा जवळजवळ नाहीसा होतो. बाकीचे आकडे जागच्या जागी राहतात. हा फरक पडद्यावर जाणवण्याजोगा आहे, पण भाग ओळखण्यासच २५० मिलिसेकंद लागत असतील तर आधी ते ओळखणारे मॉडेल, म्हणजे त्यासाठी शिकवलेला प्रोग्राम, हलके करणे शहाणपणाचे ठरते, कारण एजवरील सर्व्हर बहुधा मोठ्या डेटा सेंटरमधील यंत्रांपेक्षा कमी ताकदीचे असतात आणि तिथे तेच काम आणखी रेंगाळू शकते.

अंतरामुळे होणारा विलंब कमीत कमी किती असेल, याचा अंदाज कागदावरही करता येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,५०० किलोमीटर दूरच्या सर्व्हरशी जाण्यायेण्याच्या एका फेरीला किमान १५ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसल्यामुळे प्रत्यक्षात अधिक. मात्र एका विनंतीमागे किती फेऱ्या होतात हेही पाहावे. टीसीपी (जोडणी उघडण्याची पद्धत) आणि टीएलएस १.३ (ती सुरक्षित करण्याची पद्धत) वापरून नवी जोडणी करताना खरी विनंती निघण्याआधीच दोन फेऱ्या खर्च होतात. प्रत्येक वेळी नवी जोडणी उघडणाऱ्या ॲपमध्ये जुनी जोडणी खुली ठेवण्याचा साधा बदल केल्यावर एजची गरजच उरत नाही, असेही होऊ शकते. मोजताना सरासरीवर विसंबू नये; शंभरातील सर्वांत संथ पाच विनंत्या किती वेळ घेतात ते पाहावे, कारण वापरकर्त्याच्या तक्रारी तिथूनच येतात.

यापुढचा मुद्दा बहुतेक ओळखपर लेखांत घाईने उरकला जातो. सर्व्हर नकाशावर जवळ असला म्हणजे नेटवर्कच्या दृष्टीने जवळ असतोच असे नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये फोनची पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, बेस स्टेशनपासून कोअर नेटवर्कच्या (मोबाइल कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेच्या) गेटवेपर्यंत एका बंद बोगद्यातून जातात आणि त्या गेटवेतूनच बाहेर पडतात. गेटवे ५०० किलोमीटरवर असेल, तर टॉवरशेजारच्या इमारतीतील सर्व्हरकडे जाणारे पॅकेटही तिथवर जाऊन परत येते. ५जी मध्ये गेटवेचे हे काम यूपीएफ हा घटक करतो आणि तो टॉवरांच्या जवळ बसवून निवडक वाहतूक स्थानिक पातळीवरच बाहेर काढता येते. म्हणून सेवा घेताना सर्व्हर कोणत्या शहरात आहे हे विचारण्यापेक्षा आपल्या वापरकर्त्यांची वाहतूक कोणत्या यूपीएफमधून बाहेर पडते हे मोबाइल कंपनीला विचारावे, आणि मिळालेले उत्तर प्रत्यक्ष सिमकार्डावरून पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून त्याचे उत्तर यायला लागणारा वेळ मोजून, पडताळावे.

आता ॲपची विभागणी. ज्या भागाला तातडीने उत्तर द्यायचे असते किंवा जो पुष्कळ माहिती घेऊन थोडीच पुढे पाठवतो, तो एजवर शोभतो. प्रत्येकी ४ मेगाबिट प्रतिसेकंद पाठवणाऱ्या १०० कॅमेऱ्यांचा ४०० मेगाबिटांचा प्रवाह जागीच तपासून फक्त नोंदी पुढे पाठवणे, हे त्याचे स्वच्छ उदाहरण. खाती, हिशेब आणि दीर्घकालीन साठा मध्यवर्ती क्लाउडमध्येच राहू द्यावा. एजवर जाणारा भाग कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र असलेल्या गठ्ठ्यात, बांधावा, म्हणजे तो कुठेही त्याच रीतीने चालेल.

प्रयोगासाठी खरे नेटवर्क लगेच लागत नाही. लिनक्समधील 'टीसी' आदेशाच्या 'नेटएम' सुविधेने दोन यंत्रांच्या मध्ये कृत्रिम विलंब घालता येतो. आधी ५ आणि मग ४० मिलिसेकंदांचा विलंब घालून तेच ॲप वापरून पाहावे. दोन्हींत फरक जाणवला नाही, तर एजचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. एट्सीच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावासाठीच्या आभासी नेटवर्कमध्ये, वापरकर्त्याचे स्थान आणि रेडिओची स्थिती सांगणारे एपीआय (ॲपने नेटवर्कला माहिती विचारण्याचे मार्ग) ब्राउझरमधूनच हाताळता येतात.

खरी कसोटी वापरकर्ता चालू लागल्यावर लागते. एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाताना फोनची जोडणी टिकवण्याचे काम नेटवर्क करते. पण तुमच्या सर्व्हरच्या स्मरणात असलेली त्या वापरकर्त्याची स्थिती, म्हणजे त्याचे काम कुठवर आले याची माहिती, नव्या एज सर्व्हरवर आपोआप पोहोचत नाही. शक्य तेवढी स्थिती फोनवरच ठेवून प्रत्येक विनंतीबरोबर पाठवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ते जमत नसेल तर काही काळ जुन्याच सर्व्हरशी बोलत राहावे आणि दरम्यान स्थिती नव्या सर्व्हरवर उतरवून घ्यावी. एजवरची जागाही मर्यादित असते. गर्दीत ती भरली किंवा वापरकर्ता एज नसलेल्या भागात गेला, तर विनंती मध्यवर्ती क्लाउडकडे वळली पाहिजे. त्यामुळे तोच कंटेनर तिथेही चालू ठेवावा, आणि एजवरचा सर्व्हर मुद्दाम बंद पाडून ॲप संथपणे का होईना चालते की नाही, हे सेवा सुरू करण्याआधीच तपासून घ्यावे.