टेस्टिंगचा फोन घ्यायला कणकवलीला निघायच्या आधी

हापूस संपत आलाय, कॅनिंगला जाणारा माल सोडला तर बागेत आता फारसं काही उरलं नाही, आणि पाऊस लागायच्या आत ॲपसाठी एक फोन घेऊन टाकायचा असं म्हणत महिना गेला. दर दोन दिवसांनी कुणीतरी नवीन मॉडेल सुचवतो, मग त्याचे व्हिडिओ बघत रात्रीचे दोन वाजतात आणि सकाळी परत होतो तिथेच. म्हणून काल बसून एकदाचं लिहून काढलं की शनिवारी कणकवलीला जायच्या आधी घरी काय तपासायचं, दुकानात काय बघायचं आणि कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही. ॲप आमचं साधंच आहे, देवगडकडच्या बागायतदारांसाठी, पेट्यांचं बुकिंग, आलेले-गेलेले पैसे, खर्च, पेटीचा फोटो आणि ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर पावती. फ्लटरमध्ये, म्हणजे गूगलच्या ॲप बनवायच्या साधनात, बनवलंय. बजेट सगळं मिळून वीस हजार, त्याच्यावर एक रुपया नाही.

पहिलं काम दुकानात जायच्या खूप आधीचं. आपलं ॲप ज्यांच्या हातात जाणार आहे त्यांचे फोन बघून या. मी हे उलट केलं होतं. मागच्या वर्षी माझ्याकडे बारा जीबी रॅमचा फोन होता, ॲप त्याच्यावर लोण्यासारखं चालायचं, आणि मी खूश. मग एका बागायतदार काकांच्या पडवीत बसून त्यांना बुकिंग कसं करायचं ते दाखवत होतो. काकांनी एका बोटाने दहा मिनिटं लावून गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, पेट्या, सगळं भरलं, शेवटी पेटीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत आले तर फॉर्म कोरा. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्यां परत पयल्यापासून लिवूचां काय रे?" त्यांचा फोन तीन जीबीचा. कॅमेरा उघडला की रॅम पुरत नाही, मग अँड्रॉइड मागे पडलेलं ॲप बंद करून जागा करतं, आणि मी भरलेली माहिती कुठेच साठवून ठेवत नव्हतो. चूक शंभर टक्के माझी, पण बारा जीबीच्या फोनवर ती मला जन्मात दिसली नसती. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे फोनच्या सेटिंगमधल्या ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या लपलेल्या भागात, डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज नावाचं एक बटण आहे, ते चालू केलं की ॲपमधून बाहेर पडल्या पडल्या मागची स्क्रीन मोडते आणि असे बरेच प्रकार कुठल्याही फोनवर पकडता येतात. तेव्हापासून ते पहिलं चालू करतो. तरी खरा तीन जीबीचा फोन तो खराच.

तर यादीतली पहिली ओळ ही की एक फोन नको, दोन हवेत, एक नवीन मधल्या दर्जाचा आणि एक जुना रडका. रडका फोन विकत घ्यायची बहुतेक गरजच पडत नाही, कुणाच्यातरी कपाटात असतो. माझ्या आतेभावाकडे कोपऱ्यात तडा गेलेला अँड्रॉइड १० चा एक पडून आहे, तो मी दोन डझन आंब्यांवर मिटवला.

नवीन फोनात काय बघायचं ते आता. रॅम सहा जीबी पुरे, आणि बॉक्सवर आठ अधिक आठ असं काही लिहिलेलं असतं त्यातले दुसरे आठ सोडून द्या, ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते. स्टोरेज यूएफएस (वेगवान) आहे की ईएमएमसी (धीमं) ते मात्र विचारा, ॲप उघडायला लागणाऱ्या वेळात फरक जाणवतो. दुकानदाराला माहीत नसतं, आधी घरूनच बघून जायचं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा वगैरे माझ्या कामाला शून्य उपयोग, उलट पन्नास मेगापिक्सेलचा भला मोठा फोटो आला तर तो लहान करून पाठवायचा कोड नीट आहे का एवढंच त्यातून कळतं. एकशेवीस हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एकशेवीस वेळा चित्र बदलणारा, डिस्प्ले असेल तर सेटिंगमध्ये साठावर करून पण बघा, कारण काकांचा साठचाच आहे.

अपडेट किती वर्षं मिळणार हे जास्त महत्त्वाचं. प्ले स्टोअरचा नियम दरवर्षी एक पायरी वर सरकतो, ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन ॲप आणि अपडेट अँड्रॉइड १५ ला (डेव्हलपरच्या भाषेत एपीआय ३५ ला) धरून बनवावे लागतात, आणि तसं बनवलं की अँड्रॉइड १५ च्या फोनवर ॲप आपोआप कडेपर्यंत पसरतं. आमचं खालचं 'पेटी नोंदवा' बटण नेव्हिगेशन बारच्या खाली गेलं होतं, अर्धं दिसतंय अर्धं नाही. हे आधी कळायचं तर हातात तेवढ्या नवीन अँड्रॉइडचा फोन हवा आणि तो पुढची काही वर्षं नवीन राहायला हवा. गूगलने पिक्सेल ८ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, सॅमसंगने एस २४ पासून तसंच, पण ते माझ्या वीस हजारात बसत नाहीत, त्यामुळे स्वस्तातल्या फोनाला किती वर्षं लिहून दिलीत ते कंपनीच्या साइटवर वाचून जायचं, सेल्समनच्या तोंडावर विश्वास नाही.

परवानग्यांचा गोंधळ वेगळाच. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागून घ्यावी लागते, अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथला जवळच्या डिव्हाइसची वेगळी परवानगी आली, त्याच्या आधीच्या फोनात प्रिंटर शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. म्हणजे एकाच प्रिंटरसाठी जुन्या फोनला एक प्रश्न, नव्याला दुसरा, आणि दोन्ही फोन जवळ असल्याशिवाय हे नीट तपासताच येत नाही. एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनवर, प्रिंटरचं काहीच होत नाही, आणि माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर एम्युलेटर चालू केला की पंखा असा घोंघावतो की आई आतून विचारते मिक्सर लावलास काय.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नाही. फोनची भाषा मराठी करून ॲप वापरून बघा. हिंदी करून बघितलं की सगळं ठीक असतं, कारण अँड्रॉइड हिंदीत आकडे १२३ असे न देता साधे इंग्रजी ठेवतं, पण मराठीत मात्र देवनागरी आकडे येतात. आमच्या ॲपने फोनची भाषा बघून तारीख बनवली, ती देवनागरीत बनली, तशीच सर्व्हरला गेली आणि सर्व्हरने परत पाठवली. एक अख्खी दुपार गेली हे कळायला. उलट बाजूनेही तेच, कुणी मराठी कीबोर्डवरून पेट्यांच्या रकान्यात १२ टाइप केलं की फ्लटरचं आकडा वाचायचं फंक्शन सरळ एरर देतं. आणि अक्षरं! फॉन्ट साइज सगळ्यात मोठी करून बघा, साठीच्या पुढचे सगळे तशीच ठेवतात. ओळीची उंची मी इंग्रजी अक्षरांच्या मापाने घट्ट ठेवली होती, तर 'खर्च' या बटणावरचा रफार वरून कापला जाऊन ते 'खच' दिसत होतं. पाच महिने कुणी बोललं नाही, सगळ्यांना वाटलं मी विनोद केलाय. तर डेमो फोन हातात आला की पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी आणि फॉन्ट मोठा, दुकानदार काही का म्हणेना.

बॅटरी वाचवायच्या नावाखाली काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप मारून टाकतात, त्यामुळे गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचं नोटिफिकेशन संध्याकाळी येतं नाहीतर येतच नाही. डोन्ट किल माय ॲप नावाची साइट आहे, तिथे कंपनीप्रमाणे सगळं लिहिलेलं आहे, घ्यायच्या आधी वाचा. आणि इथे माझं मत जरा उलटं आहे, सगळे म्हणतात टेस्टिंगला स्वच्छ अँड्रॉइड घे, मी म्हणतो आपल्या भागात सगळ्यात जास्त जो खपतो तो घे, त्रास त्याच्यावरच होणार आहे. काही फोनात यूएसबी डीबगिंग (केबल लावून लॅपटॉपवरून ॲप तपासायची सोय) चालू करून भागत नाही, केबलवरून ॲप टाकायची वेगळी परवानगी असते आणि त्यासाठी कंपनीचं खातं उघडा, सिम घाला असे सोपस्कार असतात. हे माहीत असलेलं बरं, नाहीतर घरी आल्यावर फोन बिघडलाय वाटतं.

नेटवर्कचं काय सांगू. विमान मोड लावून टेस्ट केलं म्हणजे झालं असं मला वाटायचं. पण विमान मोडमध्ये ॲपला लगेच कळतं की नेट नाही, आणि आपल्याकडचा खरा प्रकार असा असतो की वर काडी दिसते आणि आत काहीच येत नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत उभा होतो, चार काड्या फुल, आणि बुकिंगचं चाक नुसतं फिरतंय. बटण परत दाबलं, परत दाबलं. रात्री घरी येऊन बघतो तर एकाच गिऱ्हाइकाच्या पाच पेट्यांच्या तीन ऑर्डरी. मागणी सर्व्हरपर्यंत पोचत होती, उत्तर तेवढं परत येत नव्हतं. आता प्रत्येक बुकिंगला फोनवरच एक नंबर पडतो आणि तोच नंबर परत आला तर सर्व्हर दुसरी ऑर्डर बनवत नाही. तर फोन ड्युअल सिम हवा, दोन सिम दोन कंपन्यांची, आणि बँडची, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतो त्याची, यादी बघून घ्या. आतल्या वाड्यांमध्ये बीएसएनएलचं फोर जी ७०० मेगाहर्ट्झवर येतं, म्हणजे बँड २८, आणि फाइव्ह जी जास्त करून एन ७८ वर, जिओचं एन २८ वरही. फाइव्ह जी नसलं तरी मला चालेल, बँड २८ नसला तर चालणार नाही.

खारा वारा. आयपी ६८ (पाणी-धूळ सोसायचा दर्जा) लिहिलंय म्हणून जेट्टीवर फोन बिनधास्त काढायचा नाही, त्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात आणि पाणी आत गेलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही. माझ्या आधीच्या फोनाचा चार्जिंगचा पोर्ट दोन पावसाळ्यांत हिरवा पडला, केबल जरा हलली की लॅपटॉपचं कनेक्शन तुटायचं. आता वायरलेस डीबगिंग, म्हणजे तेच काम केबलशिवाय, वापरतो, अँड्रॉइड ११ पासून ते फोनातच आहे, लॅपटॉप आणि फोन एका वायफायवर असले की झालं, पोर्ट फक्त चार्जिंगला. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर उत्तम, टेस्टिंगचा फोन दिवसभर वायरला असतो आणि बॅटरी फुगते.

सेकंडहँड घेणार असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा आणि केवायएम, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा, फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते कळतं. विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं गूगल खातं काढून मगच रीसेट करायला लावा, नाहीतर रीसेटनंतर फोन त्याच्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. फोन काचेच्या टेबलावर पालथा ठेवून बघा, डुगडुगला तर बॅटरी फुगलेली असू शकते.

आयफोनचं सगळे विचारतात. आयफोनचं ॲप बनवायला लागणारा मॅक नाही, ॲपलला डेव्हलपर म्हणून वर्षाला ९९ डॉलर भरायची तयारी नाही, बागायतदारांपैकी एकाकडे आयफोन आहे. विषय संपला. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर, पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडलं असेल तर ॲप सगळ्यांसाठी सोडायच्या आधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात, आणि आपल्याकडे खरा अँड्रॉइड फोन आहे हे प्ले कन्सोलच्या (जिथून ॲप प्ले स्टोअरवर टाकतात त्याच्या) मोबाइल ॲपमधून दाखवावं लागतं. बारा माणसं कुठून आणायची त्याचं मी ठरवलंय, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ओळखीचे तांडेल (होडीचे म्होरके) आणि वाडीतली पोरं घरीच असतात, प्रत्येकाचा फोन वेगळा. चहा-भजी माझ्याकडून.

आणखी एक, टेस्टिंगचा फोन रोजच्या वापराचा करू नका. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले की काही बँकांची ॲप उघडतच नाहीत, मग पेट्रोल पंपावर उभं राहून सेटिंग बदलत बसावं लागतं. माझं झालंय.

शनिवारसाठी पिशवीत: लॅपटॉप, चार्जर, स्वतःची डेटा जाणारी केबल, कारण दुकानातल्या बऱ्याच केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, पेनड्राइव्हवर ॲपची एपीके (फोनात ॲप बसवायची फाइल), प्रिंटर, दोन्ही सिमं आणि जीएसटी नंबरचा कागद, बिल त्या नावावर झालं तर अठरा टक्के परत वळते करता येतात. दुकानदार सील फोडू देणार नाही हे गृहीत धरलंय, पण डेमो पीसवर बिल्ड नंबर सात वेळा दाबून डेव्हलपर ऑप्शन्स उघडून बघायला कुणी अडवत नाही. आतेभावाचा फोन आज रात्री आणायचा, त्याच्या आत अजून त्याचे लग्नाचे फोटो आहेत ते आधी काढून द्यायचे. सकाळची पहिली एसटी.