दुसऱ्या आईचं दूध बाळाला पाजण्याआधी

दूध उतरत नाही, बाळ रडून लाल झालंय, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "शेजारच्या सुनेला भरपूर दूध आहे, वाटीभर घेऊन येऊ का?" मी मिल्क बँकेत, म्हणजे दात्या आयांचं दूध तपासून गरजू बाळांना देतात तिथे, सिस्टर आहे, हे वाक्य मला सारखं ऐकू येतं. म्हणणाऱ्याच्या मनात बाळाची काळजीच असते. तरीही माझं सांगणं असं की तपासणी न झालेलं दूध, मग ते सख्ख्या जावेचं का असेना, बाळाला पाजू नका.

आधी स्वतःच्या दुधासाठी सगळे प्रयत्न करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक चमचा-दोन चमचेच येतो आणि नवजात बाळाला एका वेळी तेवढा पुरतो. बाळाचं पोट भरतंय का, हे रडण्यावर ठरवू नका. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढायला लागलं असेल, तर दूध पुरतंय. लघवी कमी वाटली, बाळ सुस्त पडून राहिलं, तर घरी उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाळ काचेत असेल किंवा ओढत नसेल तर हातानं दूध काढा. हात साबणानं धुवा, उकळलेली स्टीलची वाटी घ्या. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या जरा मागे अंगठा वर आणि बोटं खाली ठेवा. आधी छातीकडे हलकं दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबून सोडा. कातडीवर बोटं घासू नका, दुखतं आणि दूधही येत नाही. पहिली एक-दोन मिनिटं थेंबही येणार नाही, तिथेच बायका धीर सोडतात. थांबू नका. दर दोन-तीन तासांनी काढायचं, रात्रीसुद्धा, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. सासूबाईंना माझी विनंती: रात्री तिच्याजवळ बसा, कोमट पाणी द्या, पण "तुला दूधच नाही" असं म्हणू नका. ताणानं पान्हा अडतो.

काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला २४ तास ठेवता येतं. मे महिन्यातल्या उकाड्यात बाहेर ठेवूच नका. गरम करायचं तर भांडं कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नाही.

आता शेजारणीच्या वाटीबद्दल. एचआयव्ही आईच्या दुधातून बाळाला होऊ शकतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला दुधातून येणारा सायटोमेगॅलो विषाणूही त्रास देऊ शकतो. निरोगी दिसणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर यातलं काही कळत नाही. "तिचे रिपोर्ट नॉर्मल होते" म्हणतात, पण ते रिपोर्ट तिसऱ्या महिन्यातले असतात, आजचे नव्हे. ती कुठली औषधं घेते, मशेरी लावते का, हे विचारायला आपण संकोचतो. मशेरीतला निकोटिन दुधात उतरतो. शिवाय दूध काढताना हात कसे होते, डबा किती वेळ बाहेर राहिला, हे घेणाऱ्याला कसं कळणार? दूध उकळलं की झालं, असं समजू नका: उकळण्यानं त्यातली बाळाच्या संरक्षणाची द्रव्यं जातात, आणि औषध किंवा निकोटिन मात्र तसंच राहतं.

विकत तर अजिबात घेऊ नका. अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या दुधाचे १०२ नमुने तपासले, तेव्हा १० मध्ये गाईचं दूध मिसळलेलं निघालं. तो अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २४ मे २०२४ च्या सूचनेत स्पष्ट सांगितलं आहे की मानवी दुधावर व्यापारासाठी प्रक्रिया करायला आणि ते विकायला परवानगी नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी भाव सांगत असेल, तर त्या ग्रुपमधून बाहेर पडा.

दुसऱ्या आईच्या दुधाची खरंच गरज असेल तर मिल्क बँक आहे. आशियातली पहिली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये सुरू केली. बँकेत दात्या आईची लेखी संमती घेतात, तिला आजार आणि औषधं विचारतात, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिससाठी रक्त तपासतात. दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं ठेवून गार करतात, त्यात जंतू वाढतात का ते पाहतात आणि मगच वापरतात. हे दूध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, आणि आधी कमी वजनाच्या, आजारी बाळांना. तुमच्या बाळाच्या डॉक्टरांना थेट विचारा: "जवळची बँक कुठली? आमच्या बाळाला मिळेल का?"

नाही मिळालं, तर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर. डब्यावरच्या मापानं, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्यानं. पाणी वाढवून पातळ करू नका. त्यात कमीपणा काही नाही. पावडर पाजणारी आई वाईट आई असते, असं म्हणणाऱ्यांवर मला खरोखर राग येतो.

दुसरीचं दूध आधीच पाजलं गेलं असेल तर लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा: कुणाचं, कधी, किती वेळा. जन्माच्या वेळी हिपॅटायटिस बीची लस दिली होती का, तेही सांगा. दूध देणारीला सरकारी रुग्णालयाच्या तपासणी केंद्रात मोफत एचआयव्ही तपासणी करून घ्यायची विनंती करा. धोका आढळला तर बाळाचं एचआयव्ही प्रतिबंधक औषध दूध पाजल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, खरं तर जितकं लवकर तितकं चांगलं.

आणि जिला खरोखर जास्तीचं दूध आहे, तिनं मिल्क बँकेत फोन करावा. आपलं बाळ पोटभर पिऊन उरलेलंच द्यायचं. घरी गोठवलेलं दूध न विचारता घेऊन येऊ नका, डबा कसा आणि किती दिवसांचा चालेल ते फोनवरच विचारा. आणि सर्दीच्या गोळीपासून काढ्यापर्यंत जे काही घेता, ते सगळं सिस्टरला सांगा.