पावसाआधी इंजिनाच्या हेडाला तडा आहे का, ते पाहावे

मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनच्या सुमारास पोचतो. गोराई, मनोरी आणि आरेच्या पाड्यांवर भात-भाजीपाला करणाऱ्यांनी त्याआधी, बाकी कामे मागे राहिली तरी चालतील, पण पंपाच्या आणि पॉवर टिलरच्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवून तपासावे. उन्हाळ्यात जे इंजिन एकदा जरी तापून बंद पडले असेल, त्याची तपासणी टाळूच नये. असे इंजिन मे महिन्यात कुरकुर न करता चालते. ऐन चिखलणीत तडा उघडतो, पाणी तेलात उतरून तेल दुधाळ होते आणि मेस्त्री मिळेपर्यंत राबातल्या, म्हणजे रोपवाटिकेतल्या, रोपांचे लावणीचे वय उलटून जाते. दर पावसाळ्यात कोणाची तरी लावणी अशीच लांबते.

तड्याचे मूळ बहुधा आपल्याच हातात असते. तापलेल्या इंजिनात घाईने थंड पाणी ओतले की बीडाचे (ओतीव लोखंडाचे) हेड असमान आकसते आणि दोन व्हॉल्व्हमधल्या अरुंद पट्टीवर चीर जाते. खाडीलगतच्या वाड्यांत थंड करण्यासाठी मचूळ पाणी वापरल्यास आत क्षार साचून इंजिन पुन्हापुन्हा तापते.

तपासणीला महागडे स्प्रे लागत नाहीत. हेडावरची काजळी खरवडून, ते डिझेलने धुऊन पूर्ण कोरडे करावे. मग रॉकेल, आणि ते न मिळाल्यास डिझेल, ब्रशने सगळीकडे लावून अर्धा तास मुरू द्यावे. पृष्ठभाग फडक्याने कोरडा पुसून खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर द्यावा. थर वाळून पांढरा झाल्यावर लाकडी हातोडीने हलके ठोकावे; चिरेत मुरलेले तेल वर येते आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. व्हॉल्व्हच्या बैठका, बोल्टांची भोके आणि, इंजिन पूर्ण उघडले असेल तर, क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) जर्नलचे, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणाऱ्या गुळगुळीत भागाचे, कोपरे निरखून पाहावेत. हे काम उघड्यावर करावे, जवळ विडी किंवा शेगडी नसावी आणि पेट्रोल मुळीच वापरू नये.

पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड काढलेला असेल तर तो दोरीला टांगून ठोकल्यावर खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर संशय धरावा. हा केवळ अंदाज आहे, पण मी तो मानतो. रॉड किंवा क्रँकशाफ्टला रेघ दिसली तर तो भाग बदलावाच, वेल्डिंगच्या भरीस पडू नये. बीडाच्या हेडाची दुरुस्ती मात्र निकेलच्या वेल्डिंग रॉडने, हेड तापवून, जाणत्या हातून होऊ शकते. पाण्याच्या वाटेतला आतला तडा या रीतीने दिसत नाही. त्यासाठी लेथवाल्याकडे दाबाची चाचणी करून घ्यावी. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुने हेड आणणाऱ्यांनीही ते बसवण्याआधी असेच पाहावे. गळती थांबवणारे म्हणून दुकानदार जे द्रव पाण्यात ओतायला देतात, त्याने तडा भरत नाही, पाण्याच्या वाटा मात्र तुंबतात.

इतर कामे: भाताचे बियाणे 3 टक्के मिठाच्या द्रावणात बुडवून तरंगणारे काढावे, थायरम हे बुरशीनाशक बियाण्याच्या किलोला 3 ग्रॅम चोळावे, राबाला पेरणीनंतर 15 दिवसांनी गुंठ्याला 1 किलो युरिया द्यावा, बांध सावरावेत.

हेड परत बसवताना नवे गॅस्केट घालावे, बोल्ट मधून बाहेर, आडव्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि इंजिन अर्धा तास चालवून, निवल्यावर तेलाची कांडी काढून रंग पाहावा.