रेसिड्युअल तपासताना या चुका टाळा

लासलगाव बाजार समितीतली कांद्याची रोजची आवक आणि सरासरी भाव घेऊन रिग्रेशन करायचं, म्हणजे आवकेवरून भावाचा अंदाज देणारं मॉडेल बसवायचं, असे प्रोजेक्ट नाशिकमध्ये माझ्याकडे बरेच येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, भाव नॉर्मल नाहीत, आता काय करू?" हिस्टोग्राम भावाचाच काढलेला असतो. भाव नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेले, असण्याची अटच नाही. अट आहे एररची, म्हणून मॉडेल बसवल्यावर उरलेले रेसिड्युअल, म्हणजे खरा भाव आणि मॉडेलचा अंदाज यांतले फरक, तपासायचे.

तिथेही नुसत्या शापिरो-विल्क या नॉर्मलपणा तपासणाऱ्या चाचणीच्या पी-व्हॅल्यूवर निकाल लावू नका. हजारो नोंदी असल्या की किरकोळ फरकही तिला खुपतो. पंधरा-वीस नोंदींत मोठा दोषही तिच्या हातून निसटतो. क्यू-क्यू प्लॉट स्वतः बघा, त्यात ठिपके सरळ रेषेच्या जवळ हवेत.

मग एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या प्लॉट्समध्ये वायला झेडरेसिड (प्रमाणित रेसिड्युअल), एक्सला झेडप्रेड (प्रमाणित अंदाज). ठिपक्यांना काही आकार नको. नरसाळ्यासारखा पसारा वाढत गेला तर भावाचा लॉग घेऊन पाहा. ठिपके कमानीसारखे वाकले तर संबंध सरळ रेषेचा नाही.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक. एका विद्यार्थिनीचं डर्बिन-वॉटसन, म्हणजे लागोपाठचे रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेले आहेत का ते दाखवणारा आकडा, जवळजवळ 2 आलं होतं, म्हणजे तिच्या मते सगळं आलबेल. मला पटेना. कालचा भाव चढा असेल तर आजचाही बहुधा चढाच असतो, मग रेसिड्युअल एकमेकांपासून सुटे कसे? फाइल उघडली तर तिनं एक्सेलमध्ये आवकेनुसार सॉर्ट करून ठेवलेलं. डर्बिन-वॉटसन प्रत्येक रेसिड्युअल त्याच्या वरच्या ओळीशी ताडून पाहतं. ओळींचा क्रम मोडला की त्या आकड्याला अर्थच उरत नाही. तारखेनुसार लावून पुन्हा चालवलं, तर तो 1 च्याही खाली गेला. हा आकडा 0 ते 4 मध्ये असतो. 2 च्या बराच खाली म्हणजे शेजारच्या दिवसांचे रेसिड्युअल एकाच दिशेला झुकलेले. अशा वेळी स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) बहुधा खोटा लहान दिसतो आणि आवकेचा परिणाम आहे त्याहून पक्का वाटतो. कष्टानं गोळा केलेल्या डेटावरून असा चुकीचा निष्कर्ष निघाला की मला फार वाईट वाटतं.

उपाय म्हणून तिनं आदल्या लिलावाचा भाव मॉडेलमध्ये घातला. बाजार बंद असतो ते दिवस धरून "आदला दिवस" म्हणू नका, आदला लिलावच घ्या. मात्र असा मागचा भाव आत आला की डर्बिन-वॉटसन 2 कडे ओढलं जातं, त्यावर विसंबू नका. त्याऐवजी आर या सॉफ्टवेअरमध्ये ब्रॉइश-गॉडफ्रे चाचणी लावा, तीही रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेले आहेत का तेच तपासते.