उबुंटूवर व्हिज्युअल बेसिक ६ मधला विंडोज प्रोग्राम उघडत नसल्यास : माझा अनुभव

लातूरच्या आमच्या आडत दुकानात सोयाबीनच्या हिशेबपट्ट्या ज्या जुन्या विंडोज प्रोग्रामवर निघतात, तो उबुंटूवर वाईनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) सुरू केला की खिडकी न उघडता टर्मिनलवर 'एमएसव्हीबीव्हीएम६०.डीएलएल' (व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या प्रोग्रामांना लागणारी फाइल) सापडत नसल्याची ओळ येई. वाईन पुन्हा टाकले, विंडोज एक्सपी आवृत्ती निवडली. उपयोग झाला नाही, आणि ऐन हंगामात फार मनस्ताप झाला.

अखेर डीपीकेजीला (उबुंटूचे पॅकेज बसवणारे साधन) आय३८६, म्हणजे ३२-बिट, आर्किटेक्चर जोडून, पॅकेजांची यादी अद्ययावत करून 'वाईन३२' (वाईनचा ३२-बिट भाग) टाकले. नंतर वाईनच्या दोन सेटिंगांपैकी वाईनआर्कला 'विन३२' आणि वाईनप्रिफिक्सला अगदी नव्या फोल्डरचा मार्ग देऊन, प्रिफिक्स (वाईन आपले विंडोज ज्यात ठेवते ते फोल्डर) तयार करणारी वाईनबूट ही आज्ञा चालवली, कारण तयार झालेला ६४-बिट प्रिफिक्स मागाहून ३२-बिट करता येत नाही. त्याच प्रिफिक्समध्ये वाईनट्रिक्स या मदतनीस साधनाने 'व्हीबी६रन' (ती हरवलेली फाइल देणारा संच) बसवले आणि मगच प्रोग्रामचे सेटअप चालवले. पट्टीवर मराठीऐवजी रोमन अक्षरे उमटत होती. प्रोग्रामचा जुना मराठी फॉन्ट प्रिफिक्समधील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात ठेवताच शेतकऱ्याचे नाव नीट छापले गेले.